फ्लेक्सचा कार्पेट एरिया

डोंबिवलीत नवा इस्टेट एजंट जन्माला आला की ती बातमी महारेराच्या आधी फ्लेक्सवाल्याला कळते. नोंदणी क्रमांक अजून यायचा असतो, ऑफिस म्हणजे कुणाच्या तरी झेरॉक्सच्या दुकानातली एक खुर्ची असते, दाखवायला एकही फ्लॅट नसतो. पण ब्लेझर घालून फोटो मात्र काढून झालेला असतो. हाताची घडी, मान किंचित तिरकी, मागे दुबईतले वाटावेत असे टॉवर. मे महिन्यात ज्या शहरातला पुरुष घरात शिरताच आधी शर्ट काढतो, तिथे फ्लेक्सवर तीन गुंड्यांचा ब्लेझर. खाली वाक्य ठरलेलं: 'आपल्या स्वप्नातील घर, हीच आमची जबाबदारी.' त्याखाली मोबाइल नंबर, आणि त्या नंबरवर फोन केला तर हमखास 'बाबा आंघोळीला गेलेत' असं सांगणारी एखादी मुलगी.

माझा भाचा या धंद्यात पडला, त्यामुळे हे सगळं मला फार जवळून बघायला मिळालं. आधी तो फोनवरून क्रेडिट कार्डं विकायचा. म्हणजे दिवसभर नकार ऐकायची सवय होती, आणि इस्टेट एजंटाला त्याहून मोठी पात्रता लागत नाही. सरकारला मात्र लागते. एकट्याने काम करणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी फी १०,००० रुपये, मुदत पाच वर्षं. शिवाय २०२३ पासून प्रशिक्षण घ्या आणि परीक्षा पास व्हा. ते त्याने नीट केलं. अभ्यास करताना मी त्याला दहावीतही पाहिलं नव्हतं. एवढं करून जे पैसे उरले, त्यात आईच्या भिशीचेही होते, ते सगळे 'मार्केटिंग बजेट' झाले. भिशीच्या पैशाला बजेट म्हटलं की ते खर्च करताना हात थरथरत नाहीत, एवढाच त्या शब्दाचा उपयोग.

पहिला हप्ता अर्थातच फ्लेक्सला गेला. फ्लेक्स चौरस फुटावर मिळतो. फरक इतकाच की इथे कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप असली भानगड नसते; दहा बाय पाच म्हटलं की पन्नास फूट, सगळा वापरण्याजोगा. शहरात इतका प्रामाणिक चौरस फूट दुसरीकडे कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही. त्या पन्नास फुटांतले तीस फूट भाच्याने स्वतःच्या चेहऱ्याला दिले.

"अरे, लोकांना फ्लॅट घ्यायचाय, तुला नाही घ्यायचं," मी म्हटलं.

"मामा, याला पर्सनल ब्रँडिंग म्हणतात. तुझ्या वेळी नव्हतं हे."

आमच्या वेळी नव्हतं हे खरं. आमच्या वेळी दलाल पायजमा घालून पानाच्या टपरीवर बसायचा, आणि गावात कुणाची कुठली खोली रिकामी आहे हे त्याला घरमालकाच्या आधी ठाऊक असायचं. त्याचा चेहरा कुणी बघितलेला नसायचा. सगळे त्याच्या पाठीमागेच चालायचे.

परवानगी न घेता खांबावर, भिंतीवर फ्लेक्स लावणं हा १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. हे भाच्याला ठाऊक नव्हतं, कारण मानपाडा रोडवर बघावं तिकडे गुन्हाच लटकत असतो आणि त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. पण वाढदिवसवाल्यांचे फ्लेक्स काढायला महापालिकेचे हात जरा जड होतात, तेच नवख्या एजंटाचा फ्लेक्स आठवड्याच्या आत गाडीत पडतो. भाच्याचेही पडले. त्यातला एक मात्र वाचला. तो पावसाळाभर आमच्या भाजीवाल्याच्या कांद्यांवर पसरलेला होता, चेहरा वर करून. भाजीवाल्याकडे येणाऱ्या बायकांनी तो इतक्या वेळा पाहिला की एकीने भाच्याला भर रस्त्यात थांबवून कांद्याचा भाव विचारला. या सगळ्या मोहिमेत लोकांच्या लक्षात राहिलेली जाहिरात ती तेवढीच.

फ्लेक्सनंतर पोर्टल. नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग अशी मोठी पोर्टलं आहेत आणि त्यांच्यावर खरोखर घरं विकली जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पॅकेज नावाच्या वस्तूबद्दल आहे. पॅकेजांना धातूंची नावं असतात. सिल्व्हर घेतलं की तुमचा फ्लॅट दहाव्या पानावर, गोल्ड घेतलं की तिसऱ्या, आणि त्याहून वरचं प्लॅटिनम घेतलं की पहिल्या पानावर त्याच धातूच्या बाकी सगळ्यांबरोबर. पॅकेज विकणारी मुलगी इतकी गोड बोलायची की भाचा तिला 'मॅडम' म्हणता म्हणता वर्षाचं पॅकेज घेऊन बसला. तीन महिन्यांचं घेऊन बघू या, हे वाक्य त्याच्या तोंडाशी आलं होतं म्हणे. तोंडाशी आलेल्या वाक्यांनी पैसे वाचत नाहीत.

पॅकेजातून 'लीड' येतात. लीड म्हणजे फोन उचलेल असा माणूस. घर घेईल असा नव्हे, हे पावती फाडताना कुणी सांगत नाही. भाच्याकडे आलेल्या लीडमध्ये निम्मे दुसरे एजंटच होते. "साहेब, क्लायंट आमचा, फ्लॅट तुमचा, अर्धं-अर्धं करू." दोघांकडेही ना क्लायंट असायचा ना फ्लॅट, तरी वाटाघाटी मन लावून व्हायच्या. मग होम लोनवाले. मग पेंडसेनगरातलं एक निवृत्त जोडपं, ज्यांना रविवारी संध्याकाळी फ्लॅट बघायची आवड आहे. घ्यायचा नसतो, पण खिडकीतून वारा कसा येतो ते बघतात, स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची चुकली म्हणतात, चहा घेतात आणि जातात. आणि शेवटी तो अमर माणूस: टू बीएचके, पूर्वेला, स्टेशनजवळ, नवी बिल्डिंग, पार्किंगसह, तीस लाखांत. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो तेव्हाही हा यायचा. तेव्हा त्याला हेच सगळं दहा लाखांत हवं असे. जे खरे ग्राहक होते, त्यांचा नंबर भाच्याच्या आधी आणखी पाच-सहा जणांच्या हातात पडलेला असे. भाच्याने 'नमस्कार' म्हणायच्या आतच पलीकडून, "घेतलं हो घर, सोडा आता!"

फेसबुकवरची जाहिरात त्याहून मजेची. तिथे जो फॉर्म येतो, त्यात माणसाचं नाव आणि नंबर आधीच भरलेला असतो, नुसतं बोट लावायचं. संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये कुणाचं बोट कुठे लागेल हे त्याच्या हातात असतं का? घाटकोपर ते ठाणे या पट्ट्यात भाच्याला सर्वांत जास्त लीड मिळाल्या. त्यातल्या एकालाही आपण घर शोधतोय याची कल्पना नव्हती.

शिवाय जाहिरात कुणाला दिसावी हे नकाशावर वर्तुळ काढून सांगावं लागतं. भाच्याने डोंबिवलीवर टाचणी टोचली आणि ४० किलोमीटरचं वर्तुळ काढलं, कारण पैसे देतोय तर मोठं काढू. त्या वर्तुळात मलंगगड आला, बारवी धरण आलं, ठाण्याची खाडी आख्खी आली. खाडीतल्या निवट्यांना टू बीएचकेची जाहिरात दाखवायचे पैसे आईच्या भिशीतून गेले. खरं तर एवढ्या मोठ्या वर्तुळाची गरजच नव्हती. डोंबिवलीत घर घेणारा बहुतेक वेळा डोंबिवलीतच भाड्याने राहत असतो, किंवा त्याचे आईबाप राहत असतात, किंवा बायकोचे. तोही आपल्या बाजूचा हवा. पूर्वेचा माणूस अमेरिकेत जाऊन स्थायिक होईल, पश्चिमेला नाही. त्याला पश्चिमेचा फ्लॅट पाच लाखांनी स्वस्त दाखवा, तो पुलावरून स्टेशन ओलांडेल, फ्लॅट बघेल, आवडला म्हणेल, आणि परत येताना म्हणेल, "पण तिकडे कोण जातं हो!" टिळकनगर, रामनगरचा फ्लॅट असेल तर जाहिरातीचं वर्तुळ दोन किलोमीटरचं पुरे आणि त्यातूनही पश्चिमेकडचा अर्धा भाग कापून टाकला तरी चालेल.

आता एवढा खर्च होऊन मूळ प्रश्न तसाच राहिला, की दाखवायचं काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! नवा एजंट ग्राहक शोधायला पैसे ओततो, आणि त्याला खरी गरज असते घरमालकाची. चांगला फ्लॅट हातात असला की ग्राहक एजंटाचा नंबर कांद्याच्या ढिगातूनही शोधून काढतो. म्हणून जाहिरातीचा पहिला रुपया मालकांपर्यंत पोचण्यासाठी खर्च करावा. तो फारसा लागतही नाही, कारण रिकाम्या फ्लॅटची बातमी वॉचमन, इस्त्रीवाला, पेपरवाला आणि सोसायटीचे सेक्रेटरी या चार ठिकाणी पक्की होते. इस्त्रीवाल्याला तर कुठल्या घरातले शर्ट कमी झाले यावरून मुलगा पुण्याला गेला हे कळतं. दिवाळीला या मंडळींना मिठाईचा पुडा द्यायचा खर्च वर्षाच्या पॅकेजपुढे काहीच नाही. भाच्याने हे ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं, पण पुढच्याच आठवड्यात शंभर कॅलेंडरं छापून आणली, प्रत्येक पानावर ब्लेझर.

मालक मिळाला तरी एक घोळ असतोच. आपल्याकडे मालक एकच फ्लॅट पाच एजंटांना देतो, आणि प्रत्येकाला 'फक्त तुम्हालाच सांगितलंय' असं सांगतो. मग पोर्टलवर तोच फ्लॅट पाच वेगवेगळ्या किमतींना झळकतो. एकाकडे ६२ लाख, एकाकडे ५८, एकाकडे 'निगोशिएबल' आणि मजला चुकलेला. बघणाऱ्याला वाटतं, मालक अडचणीत आहे, तो थांबतो. अशा फ्लॅटवर स्वतःचे पैसे घालून जाहिरात करणारा एजंट बाकी चौघांची जाहिरात फुकट करत असतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच. दोन महिने हा फ्लॅट तुझ्याकडेच, असं मालकाने कागदावर लिहून दिलं तरच त्या फ्लॅटवर पैसा घालावा. नाहीतर नुसतं तोंडी सांगत फिरावं, त्याला जीएसटीही लागत नाही.

आणि फोटो. या विषयावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. पोर्टलवर डोंबिवलीतले दहा फ्लॅट उघडून बघा. हॉलच्या फोटोत दोरीवर वाळत घातलेल्या चड्ड्या. स्वयंपाकघरात कुकर, त्याची शिट्टी काढून बाजूला ठेवलेली. बेडरूममध्ये गादीवर आजोबा झोपलेले, त्यांना उठवायचं कुणाच्या जिवावर आलेलं. कमोडचा फोटो हमखास, झाकण वर, आणि तोच पहिला. म्हणजे घर बघायची सुरुवात तिथून. आणि लोखंडी कपाटाच्या आरशात मोबाइल धरलेला एजंट स्वतः. भाच्याचे सुरुवातीचे सगळे फोटो असेच होते. एका फोटोत तर तो आरशात केस नीट करतानाही दिसतो. एका बाईंना पैसे देऊन फ्लॅट झाडून-पुसून घेतला, जळकी ट्यूब बदलली, पडदे बाजूला केले आणि सकाळी ऊन असताना फोटो काढले, तर जो खर्च येतो तो पोर्टलच्या पॅकेजपुढे किरकोळ असतो. माझ्या मते नव्या एजंटाचा सर्वांत शहाणपणाचा जाहिरात खर्च म्हणजे फडकं, बादली आणि ट्यूबलाइट.

मजकुराचंही तसंच. 'लक्झुरियस', 'प्राइम', 'प्रशस्त', 'वास्तुशास्त्रानुसार' हे शब्द वाचून कुणी फोन उचलत नाही. इथलं गिऱ्हाईक काय विचारतं? ओसी आहे का. लोन होईल का. कन्व्हेयन्स झालंय का. पाणी किती वेळ येतं, टँकर लागतो का. शेअर रिक्षाची लाइन कुठे आहे, रात्री साडेदहाला मिळते का. एवढ्यांची उत्तरं जाहिरातीतच दिली की निम्मे निरुपयोगी फोन येतच नाहीत, आणि न आलेला फोन हीही बचतच. भाच्याने एकदा कंटाळून लिहिलं होतं: 'तिसरा मजला, लिफ्ट नाही, पश्चिमेची खिडकी दुपारी तापते, पाणी दोन वेळ, ओसी आहे, सोसायटीत भांडणं नाहीत.' त्याला त्या जाहिरातीवर जेवढे कामाचे फोन आले तेवढे प्लॅटिनमवर आले नव्हते. शेवटच्या मुद्द्यावर विश्वास बसेना म्हणून काही लोक खास खात्री करायला आले.

फोन आला की 'कुठे पाहिलंत?' हे विचारून वहीत लिहावं, असं कुठल्याही धंद्याचं पुस्तक सांगतं. लोक मात्र काहीही सांगतात. सगळे 'गूगलवर' म्हणतात. एकाने 'पेपरात' म्हटलं. भाच्याने पेपरात जाहिरात दिलीच नव्हती. त्यापेक्षा बोर्डावर एका सिमचा नंबर आणि पोर्टलवर दुसऱ्या सिमचा, म्हणजे कुठला पैसा बोलतोय आणि कुठला मुका आहे ते महिन्यात कळतं. पण बहुतेक एजंट हे करत नाहीत, कारण कळलं की प्लॅटिनम बंद करावं लागेल आणि मॅडमला काय सांगणार?

कायद्याची गोष्ट थोडी गंभीरपणे सांगतो. बिल्डरच्या नव्या प्रकल्पाची जाहिरात करायची तर महारेराचा नोंदणी क्रमांक तर हवाच, पण १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. नसेल तर दंड ५०,००० रुपयांपर्यंत. पूर्वी लोक हा क्रमांक मुंगीच्या पायाएवढ्या टायपात छापायचे. म्हणून २०२५ साली नियम आला की क्रमांक, संकेतस्थळ आणि क्यूआर कोड जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात छापा, आणि किमान फोन नंबरएवढ्या आकारात. भाच्याच्या डिझाइनमध्ये त्या जागी नेमका ब्लेझरचा खांदा होता. खांदा कापावा लागला. पण नुसता क्रमांक छापून एजंटाची सुटका होत नाही, हे कल्याण-डोंबिवलीत तरी कुणाला सांगायला नको. याच महापालिकेच्या हद्दीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले, लोकांनी कर्जं काढून घरं घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. ती घरं कुणीतरी दाखवली होती, कुणाच्या तरी जाहिराती छापल्या गेल्या होत्या. पालिकेच्या नगररचना विभागात एक खेप घालून परवानगीचा कागद खरा आहे का ते बघायला रिक्षाभाडं लागतं. जाहिरातीच्या पैशांतून ते आधी बाजूला काढावं. मुंबईत एजंट चुकीचा फ्लॅट विकून दुसऱ्या उपनगरात जाऊ शकतो. डोंबिवलीत तो ज्याला विकला तो माणूस रोज सकाळी त्याच प्लॅटफॉर्मवर उभा असतो.

खर्च कधी करावा यालाही काही धरबंध हवा. भाड्याचा मोसम शाळा सुरू व्हायच्या आधीचा. विक्रीला पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी. पितृपक्षात साइट व्हिजिटला फक्त कावळे येतात, तरी नवा एजंट त्याच पंधरवड्यात जाहिरात देतो, कारण तेव्हा त्याला वेळ असतो. आमच्याकडे पाडव्याची शोभायात्रा १९९९ पासून निघते आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाई लोटते. दोन्ही ठिकाणी भाच्याने टी-शर्ट छापून मुलं उभी केली. तिथे आलेला माणूस नटलेला असतो आणि नटलेल्या माणसांना बघत असतो. त्याला त्या क्षणी थ्री बीएचके सुचत नाही. मुलांनी मात्र मजा केली, त्यातल्या एकाचं तिथेच जमलंही. ते जोडपं आता भाड्याचा फ्लॅट शोधतंय, दुसऱ्या एजंटाकडे.

उत्पन्नाची बाजू तर याहून सोपी. भाड्याच्या व्यवहारात साधारण एका महिन्याचं भाडं दलाली, विक्रीत एक टक्क्याच्या आसपास, आणि बिल्डरकडून जे येतं ते करार नोंदवल्यानंतर कित्येक महिन्यांनी, चार फेऱ्या मारल्यावर. म्हणजे एका भाड्याच्या व्यवहारात जेवढं सुटतं, त्याच्या पाव हिश्शाहून जास्त रक्कम महिन्याला जाहिरातीवर घालू नये, असं मी बँकेतल्या माणसाच्या कंजूषपणाने सांगतो. भाच्याला वाचवलं ते शेवटी भाड्यानेच. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. ऑनलाइन करार नोंदवताना अंगठ्याचं मशीन घेऊन घरोघर जाणाऱ्या माणसाशी त्याने दोस्ती केली, स्वतः केलेल्या प्रत्येक कराराची तारीख वहीत मांडली आणि दहावा महिना लागला की मालकाला आणि भाडेकरूला एकेक फोन करायला सुरुवात केली. 'राहणार का, वाढवणार का, सोडणार का?' तिन्हींपैकी कुठल्याही उत्तराला त्याचं काम निघतं. या जाहिरातीचा खर्च एका वहीचा.

ब्लेझर अजून आहे, लग्नात वापरतो. फ्लेक्स बंद केलेत.

आता हा लेख वाचणाऱ्या घरमालकांना एक विनंती. फ्लॅट विकायचा असेल तर एकाच एजंटाला द्या, दोन महिन्यांची मुदत लिहून द्या, आणि तो फोटो काढायला येतो म्हणाला की दोरीवरचे कपडे काढा, कमोडचं झाकण लावा आणि आजोबांना जरा बाहेर फिरवून आणा.